केबल निवडताना आधी आपले घर पाहा

टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि साउंडबार जोडणाऱ्या तारांवर किती खर्च करावा, आणि तो नेमका कुठे करावा?

चतुर्थी जवळ आली की म्हापसा, डिचोली आणि पेडणे येथील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांतील वर्दळ वाढू लागते. घराची रंगरंगोटी, माटोळीची तयारी, परगावाहून व परदेशांतून येणारे कुटुंबीय या साऱ्या धामधुमीत अनेक घरांत नवा टीव्हीही याच सुमारास येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्यामुळे मोठ्या पडद्याकडे ओढाही वाढला आहे. टीव्ही निवडण्यासाठी घरातील चार माणसे विचार करतात, तीन दुकाने पालथी घालतात. मात्र पैसे चुकते करण्याच्या वेळी विक्रेता शेवटचा प्रश्न विचारतो, ‘एचडीएमआय केबल कुठली देऊ?’ आणि तिथे बहुतेकांचा अभ्यास संपतो.

समोर तीन प्रकार ठेवले जातात. एक साधी काळी केबल, एक सोनेरी टोकांची, आणि एक जाडजूड, विणलेल्या आवरणाची, जिच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘एट-के’ लिहिलेले असते. पहिल्या आणि तिसऱ्या केबलच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असू शकतो. फार स्वस्त नको आणि फार महागही नको, म्हणून ग्राहक मधली उचलतो. त्या निवडीमागे ना माहिती असते, ना खरी काटकसर.

या लेखाचा मुद्दा साधा आहे. डिजिटल केबल चित्र सुंदर करीत नाही. ती ते पोहोचवते किंवा पोहोचवू शकत नाही. त्यामुळे केबल निवडताना तीनच गोष्टी पाहायच्या असतात : तिच्यातून काय न्यायचे आहे, किती अंतर न्यायचे आहे आणि ती कोणत्या वातावरणात राहणार आहे. पहिल्या दोन गोष्टी जगभर सारख्याच आहेत. तिसरी मात्र आपल्या गोव्याची खास आहे, आणि आपल्याकडे ग्राहकांचे मोठे नुकसान होते ते बहुधा तिच्यामुळेच.

आधी गरज आहे का, ते पाहा

आजच्या बहुतेक स्मार्ट टीव्हींत चित्रपट व मालिकांची अ‍ॅप आधीच बसवलेली असतात. घरात फायबर इंटरनेट असेल आणि सारे कार्यक्रम टीव्हीतील अ‍ॅपवरच पाहायचे असतील, तर चित्र वाहून नेणाऱ्या केबलची गरजच उरत नाही. वीजजोडणी आणि वायफाय एवढ्यावर काम भागते. जुन्या चिरेबंदी घरांत मात्र जाड भिंतींमुळे वायफाय आतल्या खोलीपर्यंत क्षीण होऊन पोहोचते. तिथे मॉडेमपासून टीव्हीपर्यंत एक साधी लॅन केबल ओढणे हा कोणत्याही महागड्या एचडीएमआय केबलपेक्षा अधिक उपयोगी खर्च ठरतो.

एचडीएमआय केबल लागते ती टीव्हीला बाहेरचे एखादे उपकरण जोडायचे असेल तेव्हा : डिश किंवा केबलवाल्याचा सेट-टॉप बॉक्स, साउंडबार, मुलांचे गेमिंग कन्सोल किंवा लॅपटॉप. यातही एक गोष्ट विसरली जाते. नव्या सेट-टॉप बॉक्ससोबत बहुधा एचडीएमआय केबल खोक्यातच येते. प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स यांसारख्या कन्सोलसोबत तर सर्वांत वरच्या श्रेणीची केबल दिलेली असते. म्हणून दुकानात विकत घेण्यापूर्वी घरी येऊन खोके नीट उघडून पाहावे.

पिवळ्या टोकापासून एचडीएमआयपर्यंत

आपल्या देशात १९८२ साली रंगीत दूरदर्शन आले, तेव्हा छपरावरच्या अँटेनातून उतरणारी एकच तार टीव्हीला जोडलेली असे. पुढे व्हीसीआर आणि सीडी प्लेयर आले आणि पिवळ्या, लाल व पांढऱ्या टोकांच्या तीन तारा घरोघरी पोहोचल्या. त्यांतील पिवळी तार संपूर्ण चित्र एकटी वाहते. लाल आणि पांढरी उजव्या व डाव्या बाजूंचा आवाज नेतात. काही डीव्हीडी प्लेयरांना हिरव्या, निळ्या व लाल टोकांची आणखी एक त्रयी असे. तिच्यात चित्राचे तीन भाग स्वतंत्रपणे जात असल्यामुळे ते अधिक स्वच्छ दिसे.

या सर्व तारा अ‍ॅनालॉग होत्या. त्यांच्यातून विजेची चढउतार जशीच्या तशी जात असे आणि वाटेत जी काही गडबड मिसळे, ती पडद्यावर दिसे. तार निकृष्ट असेल तर रंग फिके पडत, सावल्या उमटत, मुंग्या दिसत. त्या काळात चांगली तार घेतल्याने चित्र खरोखरच सुधारत असे. ‘महाग केबल म्हणजे चांगले चित्र’ हा समज त्या अनुभवातून आला आणि तंत्र बदलल्यावरही तसाच राहिला.

डिसेंबर २००२ मध्ये सोनी, फिलिप्स, तोशिबा, हिताची यांसारख्या कंपन्यांनी मिळून एचडीएमआयचा पहिला आराखडा प्रसिद्ध केला. चित्र आणि आवाज दोन्ही डिजिटल स्वरूपात एकाच तारेतून नेण्याची सोय त्यात होती. भारतात केबल टीव्हीच्या डिजिटलीकरणाच्या चौथ्या व शेवटच्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ रोजी संपली. त्यानंतर सेट-टॉप बॉक्स हे गावोगावच्या टीव्हीचे अविभाज्य अंग बनले आणि एचडीएमआयही त्याच वाटेने आपल्या घरांत स्थिरावली.

तार चित्र का सुधारू शकत नाही

डिजिटल चित्र म्हणजे शून्य आणि एक या अंकांची अखंड रांग. पलीकडच्या टोकाला प्रत्येक वेळी एवढेच ओळखायचे असते की आलेला अंक शून्य आहे की एक. ते नीट ओळखता आले, की चित्र मूळ होते तसेच तयार होते. हजार रुपयांच्या केबलमधून आलेला ‘एक’ हा दोनशे रुपयांच्या केबलमधून आलेल्या ‘एक’पेक्षा अधिक उजळ नसतो. म्हणून एखाद्या केबलमुळे रंग अधिक खुलतात किंवा चेहरे अधिक रेखीव दिसतात, या जाहिरातीत तथ्य नाही.

केबल अपुरी पडू लागते, तेव्हा ती तसे स्पष्टपणे सांगते. पडद्यावर पांढरे ठिपके चमकू लागतात, चित्र क्षणभर काळे होऊन परत येते, आवाज तुटतो किंवा ‘सिग्नल नाही’ अशी सूचना येते. ही लक्षणे नसतील आणि तरीही चित्र फिके वाटत असेल, तर दोष केबलचा नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये, वाहिनीच्या प्रक्षेपणात किंवा इंटरनेटच्या वेगात तो शोधावा.

मग केबलांत फरक कशाचा? तर एका सेकंदात त्या किती अंक बिनचूक नेऊ शकतात, याचा. फोर-के चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. सेकंदाला ६० चित्रे म्हटली, की जवळपास ५० कोटी बिंदू होतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी निदान २४ अंक लागतात. त्यात वेळ जुळवण्यासाठी लागणाऱ्या खुणा मिळवल्या, की हा प्रवाह सेकंदाला सुमारे १८ अब्ज अंक, म्हणजेच १८ गिगाबिट इतका होतो. फुल एचडी चित्राला याच हिशेबाने साडेचार गिगाबिटच्या आत भागते.

इथे एक शंका स्वाभाविक आहे. फोर-के चित्रपट घरी आणण्यासाठी १५ ते २५ मेगाबिटचे इंटरनेट पुरते, तर शेजारच्या टीव्हीपर्यंत नेण्यासाठी त्याच्या शेकडो पट क्षमतेची तार कशाला? कारण इंटरनेटवरून चित्र संक्षिप्त रूपात येते. चटई गुंडाळून अरुंद दारातून सहज आत नेता येते. आत अंथरल्यावर मात्र तिला सगळी जागा लागते. बॉक्स ही गुंडाळी उलगडतो आणि पूर्ण उलगडलेले चित्र एचडीएमआयमधून टीव्हीकडे जाते.

खोक्यावरील कोणते शब्द वाचावेत

खोक्यावर ‘२.०’, ‘२.१’ असे आकडे ठळकपणे छापलेले आढळतात. हे आकडे वास्तविक उपकरणांच्या तंत्राच्या आवृत्त्या आहेत, केबलच्या नव्हेत. एचडीएमआयचे परवाने देणारी संस्था केबलवर आवृत्तीचा क्रमांक छापण्यास परवानगी देत नाही. केबलची खरी ओळख तिच्या श्रेणीवरून होते आणि त्या श्रेण्या अशा आहेत :

• स्टँडर्ड : जुन्या, कमी स्पष्टतेच्या एचडी चित्रापुरती. आता नव्याने घेण्याचे कारण नाही.

• हाय स्पीड : सुमारे १० गिगाबिट. फुल एचडीसाठी पूर्णपणे पुरेशी. फोर-के चित्र सेकंदाला ३० या गतीने नेऊ शकते. आपल्याकडील एचडी वाहिन्या दाखवणाऱ्या सेट-टॉप बॉक्सला याहून अधिक काही लागत नाही.

• प्रीमियम हाय स्पीड : १८ गिगाबिट. फोर-के चित्र सेकंदाला ६० या गतीने, वाढीव रंगछटांसह. फोर-के बॉक्स किंवा स्ट्रीमिंग उपकरण असेल तर ही घ्यावी.

• अल्ट्रा हाय स्पीड : ४८ गिगाबिट. सेकंदाला १२० चित्रे देणारे गेमिंग कन्सोल किंवा एट-के उपकरण असेल तरच तिचा खरा उपयोग.

शेवटच्या दोन श्रेण्यांच्या अस्सल केबलच्या खोक्यावर प्रमाणपत्राचे लेबल असते आणि ते मोबाइलवरील अधिकृत अ‍ॅपने स्कॅन करून तपासता येते. दुकानात उभे राहून एका मिनिटात होणारी ही तपासणी सोनेरी मुलाम्यापेक्षा आणि विणलेल्या आवरणापेक्षा कितीतरी भरवशाची आहे. जानेवारी २०२५ मध्ये ९६ गिगाबिटची पुढची श्रेणीही जाहीर झाली. परंतु घरगुती वापरात तिची गरज भासावी अशी उपकरणे आज आपल्याकडे जवळपास नाहीत. भविष्याची तरतूद म्हणून तिच्यावर पैसे घालवू नयेत.

आणखी एक अडचण पाहून ठेवावी. व्यावसायिक चित्रपटांची नक्कल रोखण्यासाठी उपकरणांत ‘एचडीसीपी’ नावाचे कुलूप असते. नवा फोर-के बॉक्स जुन्या टीव्हीला जोडला आणि टीव्हीला त्या कुलपाची नवी आवृत्ती ओळखता आली नाही, तर चित्र कमी स्पष्टतेचे येते किंवा अजिबात येत नाही. अशा वेळी केबल कितीही बदलली तरी फरक पडत नाही.

कोणत्या पोर्टमध्ये घालावी

नवी केबल आणूनही चित्र वा आवाज मनासारखा नसण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे चुकीचे पोर्ट. टीव्हीच्या मागे तीन-चार एचडीएमआय पोर्ट असतात. ती दिसायला सारखी असली तरी त्यांची क्षमता सारखी असेलच असे नाही. साउंडबारची केबल ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ असे लिहिलेल्या पोर्टमध्येच घालावी लागते. त्याच पोर्टमधून टीव्हीचा आवाज उलट दिशेने साउंडबारकडे जातो. दुसऱ्या पोर्टमध्ये घातली तर साउंडबार गप्प राहतो आणि दोष विनाकारण केबलवर येतो.

तसेच, अनेक टीव्हींत बाहेरील उपकरणासाठीचे पोर्ट सुरुवातीला मर्यादित क्षमतेवर ठेवलेले असते. सेटिंगमध्ये जाऊन त्या इनपुटचा सिग्नल वाढीव प्रकारावर ठेवल्याशिवाय फोर-के चित्र पूर्ण रंगांसह येत नाही. लॅपटॉप जोडताना यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर जाते की नाही, हेही पाहावे. सर्वच यूएसबी-सी पोर्टना ती सोय नसते, आणि नसेल तर साधे अ‍ॅडॉप्टर ती निर्माण करू शकत नाही.

अंतर वाढले की हिशेब बदलतो

टीव्हीखालच्या कपाटात बॉक्स असेल तर दीड-दोन मीटरची केबल पुरते आणि एवढ्या अंतरात कोणतीही प्रमाणित केबल आपले काम चोख करते. अंतर वाढत जाते, तसा तांब्याच्या तारेतील सिग्नल क्षीण होतो. अल्ट्रा हाय स्पीड श्रेणीची साधी तांब्याची केबल सुमारे पाच मीटरांपर्यंतच भरवशाची असते. १८ गिगाबिटसाठी ही मर्यादा सात-आठ मीटरांपर्यंत जाते, तीही केबल जाड असेल तर. तारेच्या जाडीचा ‘एडब्ल्यूजी’ आकडा जितका लहान, तितकी तार जाड. २४ ची तार ३० च्या तारेपेक्षा जाड असते.

राजांगणाभोवती खोल्या असलेल्या मोठ्या घरात बॉक्स एका खोलीत आणि टीव्ही दुसऱ्या खोलीत असेल, तर हे अंतर बघता बघता दहा-बारा मीटर होते. देवळाच्या सभामंडपात किंवा वाड्यावरच्या क्लबात प्रोजेक्टर लावून विश्वचषक फुटबॉलचा सामना दाखवायचा असेल, तर लॅपटॉपपासून प्रोजेक्टरपर्यंत पंधरा-वीस मीटर सहज लागतात. अशा ठिकाणी दोन-तीन लहान केबली जोडून लांबी वाढवणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. प्रत्येक जोडाला सिग्नल घटतो आणि ऐन सामन्यात पडदा काळा होतो. त्याऐवजी ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्यावी. तिच्यात चित्र काचेच्या तंतूंतून प्रकाशरूपाने जाते, त्यामुळे वीस-तीस मीटर अंतराचीही अडचण राहत नाही. मात्र तिला दिशा असते. एक टोक बॉक्स वा लॅपटॉपकडचे आणि दुसरे पडद्याकडचे असते. उलटी जोडली तर चित्र येत नाही. ती फार मुडपू नये आणि तिच्यावर खुर्चीचा पाय पडणार नाही, याची काळजी घ्यावी.

नवे घर बांधताना किंवा फ्लॅटचे आतले काम करताना एचडीएमआय केबल गिलाव्यात थेट पुरू नये. आज घातलेली केबल दहा वर्षांनी निरुपयोगी ठरू शकते. भिंतीत रुंद पाइप टाकावा, तिचे टोक सहज जाईल एवढा. कोपऱ्यांत काटकोन न देता वळण द्यावे आणि आत एक मजबूत दोरी सोडून ठेवावी. पुढे केबल बदलायची वेळ आली तर चिऱ्याची भिंत फोडावी लागणार नाही.

छपरावरून येणारी तार

एचडीएमआयवर इतकी चर्चा होते, पण डिशच्या छत्रीपासून सेट-टॉप बॉक्सपर्यंत येणाऱ्या जाड गोल तारेकडे कोणी पाहत नाही. तिला कोएक्सियल केबल म्हणतात. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो सारा या तारेवरून वाहतो. घरातील चित्राच्या बहुतांश तक्रारींचे मूळ इथेच असते.

मुसळधार पावसात डिशचे चित्र जाते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी पावसाच्या दाट थेंबांत क्षीण होतात, त्याला इलाज नाही. पण यातून एक सोपी परीक्षा मिळते. पाऊस थांबल्यावर काही मिनिटांत चित्र परतले, तर दोष आभाळाचा. दुसऱ्या दिवशी कोरड्या उन्हातही चित्र तुटत असेल, चौकोन पडत असतील, तर पाणी तारेच्या जोडात शिरले आहे असे समजावे. अशा वेळी बॉक्स किंवा टीव्ही बदलण्याआधी छत्रीकडचा जोड बदलून घ्यावा.

या कामासाठी ‘आरजी-६’ प्रकारची, ७५ ओहमची तार योग्य. छत्रीवरील यंत्राला लागणारी वीज याच तारेतून वर जाते. म्हणून अंतर जास्त असेल तर आतला गाभा तांब्याचा असलेली तार घ्यावी, तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी नको. बाहेरचे जोड पाणी न शिरणारे असावेत. तार भिंतीतून आत येण्यापूर्वी तिला खाली झुकलेले एक वळण द्यावे. पावसाचे पाणी त्या वळणाच्या तळाशी येऊन ठिबकते आणि तारेवरून ओघळत बॉक्सपर्यंत पोहोचत नाही. या एका वळणाला पैसा लागत नाही.

आकाशातील वीज : खरे नुकसान इथे

मे महिन्यातील वळवाचा पाऊस आणि परतीच्या पावसातील गडगडाट डिचोलीपासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंतच्या गावांना नवा नाही. अशा एखाद्या संध्याकाळनंतर टीव्ही चालू होतो, पण एचडीएमआय पोर्ट मेलेले आढळते. मालक म्हणतात, आम्ही तर बटण बंद केले होते. बटण बंद असते. पण छपरावरच्या छत्रीची तार बॉक्सला जोडलेली राहते आणि बॉक्स एचडीएमआयने टीव्हीला. जवळपास कुठे वीज पडली तरी त्या लांब तारेत क्षणभर प्रचंड दाब निर्माण होतो आणि तो याच वाटेने टीव्हीच्या सर्वांत नाजूक भागात पोहोचतो. वीजजोडणीला लावलेला स्पाइक गार्ड या वाटेवर पहारा देत नसतो.

म्हणून गडगडाट सुरू होण्यापूर्वीच टीव्ही आणि बॉक्स यांचे प्लग भिंतीतून काढावेत आणि छत्रीची तारही बॉक्सपासून सोडवून ठेवावी. वीज डोक्यावर कडाडत असताना मात्र तारांना हात लावू नये. घरातून बराच काळ बाहेर जाताना, विशेषतः मे-जून आणि ऑक्टोबर महिन्यांत, हेच करून जावे. कायमस्वरूपी उपाय म्हणजे छत्री आणि तिची तार घराच्या अर्थिंगला योग्य रीतीने जोडणे. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे आणि त्याच वेळी घराचे अर्थिंग सुस्थितीत आहे ना, हेही तपासून घ्यावे. जुन्या घरांत ते नावापुरतेच उरलेले असू शकते.

फायबर इंटरनेट असलेल्यांना हा धोका कमी, कारण काचेचा तंतू वीज वाहून नेत नाही. परंतु काही फायबर तारांत आधारासाठी धातूची तार असते आणि मॉडेम तर विजेवरच चालतो. तेव्हा प्लग काढण्याचा नियम त्यांनाही लागू आहे. एरवीही एचडीएमआय केबल लावताना वा काढताना दोन्ही उपकरणे बंद ठेवावीत. केबलच्या धातूच्या टोकाला हात लागताच बारीक झिणझिण्या जाणवत असतील, तर ती अर्थिंगमधील दोषाची सूचना असू शकते; तिकडे दुर्लक्ष करू नये.

खारा वारा, लाल धूळ आणि उंदीर

केरी, हरमल, मांद्रे, मोरजी या पेडण्याच्या किनारी गावांत खारा दमट वारा धातूच्या जोडांवर हिरवट थर चढवतो. एचडीएमआय टोकावरील सोन्याच्या मुलाम्याचा खरा उपयोग इथे आहे. सोने गंजत नाही. मात्र तो मुलामा साधारण किमतीच्या केबलांवरही असतो, त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याची गरज नाही. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, उपकरणे बंद करून केबल काढावी, टोके कोरड्या कापडाने पुसावीत आणि पुन्हा घट्ट बसवावीत. ‘केबल खराब झाली’ म्हणून केलेल्या कित्येक तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

डिचोली तालुक्यात खनिजवाहू ट्रकांच्या रस्त्यालगतच्या घरांत लाल धूळ उघड्या पोर्टमध्ये साचते. वापरात नसलेल्या पोर्टना रबरी टोपणे लावावीत; ती अगदी किरकोळ किमतीला मिळतात. कौलारू घरांत माळ्यावरून नेलेल्या तारा उंदीर कुरतडतात, तर बॉक्सच्या उबेला मुंग्या घर करतात. माळ्यावरची तार पाइपातून न्यावी. नदीकाठच्या गावांत बॉक्स आणि वीजजोडण्या जमिनीलगत ठेवू नयेत. जुलै २०२१ मध्ये शापोरा नदीच्या पुराचे पाणी साळ, इब्रामपूर या गावांत घरांपर्यंत आले, ते दिवस तिथले रहिवासी विसरलेले नाहीत.

कपाटातल्या कॅसेटी

केबलचा विषय निघाला असताना एक जुने काम आठवून द्यावेसे वाटते. अनेक घरांत ऐंशी-नव्वदच्या दशकांतील लग्न-मुंजीच्या व्हिडिओ कॅसेटी कपाटात पडून आहेत. आपल्या दमट हवेत त्यांच्या फितीवर बुरशी धरते आणि दर पावसाळ्यागणिक त्यांतील आजी-आजोबांचे चेहरे पुसट होत जातात. व्हीसीआर चालू स्थितीत असेल तर तो नव्या टीव्हीलाही जोडता येतो. काही टीव्हींत पिवळ्या-लाल-पांढऱ्या तारांसाठी एकच लहान गोल पोर्ट आणि त्याची जोडतार असते. तेही नसेल तर या तिन्ही तारांचे एचडीएमआयमध्ये रूपांतर करणारी लहान डबी मिळते. त्याने चित्र नव्यासारखे होणार नाही. जे फितीवर आहे तेवढेच दिसेल. परंतु पाहण्यापुरते न थांबता ते संगणकात उतरवून घ्यावे आणि प्रती कुटुंबीयांकडे ठेवाव्यात. बुरशी दिसत असेल तर फीत स्वतः यंत्रात घालू नये, जाणकाराकडे द्यावी.

दुकानात जाताना

घरातून निघण्यापूर्वी कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात : टीव्हीचे व उपकरणाचे मॉडेल, दोहोंमधील तारेच्या मार्गाने दोरीने मोजलेले अंतर, साउंडबार आहे का, आणि खोक्यात आधीच कोणती केबल आली आहे. मोजलेल्या अंतरापेक्षा अर्धा मीटर जास्त लांबीची केबल घ्यावी, त्याहून अधिक नको. श्रेणीचे नाव खोक्यावर वाचावे, लेबल स्कॅन करावे आणि पक्के बिल घ्यावे. डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात वा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुटी मिळणारी केबल फुल एचडीचे काम कदाचित चोख करील. पण ती बंद पडल्यास परत घेणारे कोणी नसते, एवढे ध्यानात ठेवावे. बिल असूनही दाद मिळत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

सर्वसाधारण घरासाठी हिशेब असा होतो : सेट-टॉप बॉक्सला खोक्यातलीच केबल, फोर-के उपकरण असेल तर दोन मीटरची एक प्रीमियम हाय स्पीड केबल, आणि वाचलेल्या पैशांतून छत्रीचा नवा जोड आणि अर्थिंगची तपासणी. सोनेरी केबलने चतुर्थीच्या दिवशी पडदा अधिक उजळ दिसणार नाही. पण छत्रीच्या तारेची आणि अर्थिंगची नीट व्यवस्था केली, तर पुढच्या चतुर्थीलाही तोच टीव्ही घरात चालू असण्याची शक्यता बरीच वाढते.